उरलेलं पाणी

३ जानेवारी

न्यायमूर्ती वहिनीसाहेब यांच्या सेवेशी,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दोन वाक्यं झाली की "मुद्द्यावर ये" म्हणतेस. दिवसभर कोर्टात वकिलांना म्हणायचं ते संध्याकाळी नणंदेवर काढतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

बातमी अशी की आमचे मोठे सर निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. प्राचीन ग्रीकांच्या भाषणकलेची अख्ख्या विद्यापीठात तेवढी एकच खुर्ची. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा तळटीप. तळटीप तुला आठवत असेल, तुमच्याकडे जेवायला आला होता आणि मीठ मागतानासुद्धा संदर्भ दिला होता. माणूस वाईट नाही, हुशार तर आहेच. पण त्याच्या लेखात पानाच्या वर दोन ओळी असतात आणि खाली सगळं पान टिपांचं.

निवड समितीने ठरवलंय की मार्चमध्ये दोघांनी मोठ्या सभागृहात जाहीर व्याख्यान द्यायचं आणि त्यावर निर्णय होईल. मला खुर्ची मिळाली नाही तर माझी नेमणूक जूनमध्ये संपते आणि पुन्हा होणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग पुढे काय, ते तुला माहीत आहे. मागच्या खेपेला मी निघताना अप्पा म्हणाले, "तुझं ते ग्रीक दुकान मिटलं की ये. कचेरीतलं टेबल पुसून ठेवलंय." वकिलीची सनद हातात असताना मी त्यांची कचेरी सोडून इकडे आले, तेव्हापासून ते टेबल पुसताहेत आणि तेव्हापासून घरात माझं नाव पळपुटी. त्यांची सून कोर्टात न्यायाधीश होऊन बसली तरी त्यांचा राग काही उतरला नाही.

मला ते टेबल नको. मला ही खुर्ची हवी आहे आणि ती मी मिळवणार आहे.

कशी, ते सांगते. मी व्याख्यान देणार नाही, खटला चालवणार आहे. त्या लोकांच्या न्यायालयात तुझ्यासारखं उंचावर कोणी बसत नसे. समोर पाचशे साधी माणसं. फिर्यादीने स्वतः बोलायचं, आरोपीने स्वतः बोलायचं, आणि वेळ मोजायला बुडाशी तोटी असलेलं मडकं. पाणी संपलं की तोंड बंद. मी निवडलेला खटला एका पळून गेलेल्या माणसाचा आहे. लढाईत शहर हरलं, शत्रू वेशीपर्यंत येणार अशी आवई उठली, आणि हा गृहस्थ बायकामुलं, सामानसुमान घेऊन बोटीत बसून निघून गेला. काही वर्षांनी परत आला तर त्याच्यावर देशद्रोहाचा खटला. फिर्यादीचं भाषण आज आपल्याकडे आहे, आणि ते असं आहे की ऐकताना माणूस दगड शोधायला लागतो. आरोपीचं भाषण मात्र काळाच्या पोटात गेलं. एक अक्षर उरलेलं नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे की मतं समसमान पडली, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे समसमान म्हणजे सुटका.

तेव्हा फिर्यादीचं भाषण तळटीपने करायचं, त्यात त्याचा हातखंडा आहे. आणि ते हरवलेलं बचावाचं भाषण मी उभं करणार. दोन व्याख्यानांऐवजी एकच सामना. मी त्याला विचारलं तर तो चष्मा पुसत पुसत हो म्हणाला.

अप्पांना यातलं काही सांगू नकोस. पळपुट्याची वकिली करते आहे हे कळलं तर त्यांना पुढची दहा वर्षं पुरेल एवढा विषय मिळेल.

तुझी,
पळपुटी


१२ जानेवारी

वन्संबाई,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मध्ये तीनदा "मुद्द्यावर ये" म्हटलं, भिंतीने ऐकलं.

आता माझं ऐक. हातातला तयार दारूगोळा तू प्रतिस्पर्ध्याला दिलास आणि स्वतःसाठी काय ठेवलंस, तर न सापडलेला कागद. माझ्यासमोर एखाद्या वकिलाने असं केलं असतं तर मी त्याच्या अशिलाकडे दयेने बघितलं असतं. समितीतला एखादा म्हणेल, "बाईंनी मनचंच लिहिलंय, याला संशोधन म्हणायचं का?" तेव्हा तू काय उत्तर देणार? याचा विचार केला आहेस की नेहमीप्रमाणे उडी आधी आणि पाणी नंतर?

अप्पांना मी एक शब्दही सांगितलेला नाही. ते ठीक आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी वाचता येत नाही म्हणून चिडचिड करतात. वर्तमानपत्र मी मोठ्याने वाचून दाखवते, त्यावर उलटतपासणी करतात. वर्तमानपत्राची नाही, माझी.

काही प्रश्न आहेत. आपली एक उत्सुकता म्हणून विचारते. त्या फिर्यादीने पहिला घाव कुठे घातला? पळून जाणाऱ्याबरोबर बायकामुलंच होती की नोकरचाकरही होते? त्याने परत यायला इतकी वर्षं का लावली? आणि फिर्यादीला साक्षीदारांपेक्षा जास्त भरवसा कशावर होता? सविस्तर लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझा दादा म्हणतो खुर्ची मिळाली तर पेढे, नाही मिळाली तर... नको, तो काय म्हणाला ते लिहीत नाही. त्याचा विनोद तुला ठाऊक आहे.

वहिनी


२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझे प्रश्न वाचून मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या विषयात तू पहिल्यांदा रस घेतलास. आधीची माझी दोन पुस्तकं तू दाराला अडसर म्हणून वापरतेस हे मी बघितलं आहे.

"मनचंच लिहिलंय" याचं उत्तर माझ्याकडे आहे. त्या काळी खटल्यात प्रत्येकाला स्वतःच बोलावं लागे, मग ज्याला बोलता येत नाही तो भाषण लिहून देणाऱ्याकडे जाई. लिहिणारा अशिलाचा स्वभाव बघून, त्याच्याच तोंडचं वाटेल असं लिहून देई. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याला व्यापाऱ्याचं. मी त्याच धंद्याचे नियम पाळून लिहिते आहे. माझा अशील मेला आहे एवढाच काय तो फरक, आणि मेलेला अशील मध्ये बोलत नाही.

तुझे बाकीचे प्रश्न. फिर्यादीने पहिला घाव शहराच्या आठवणीवर घातला: "ज्या दिवशी म्हातारेकोतारेसुद्धा वेशीवर उभे होते, त्या दिवशी हा कुठे होता?" आणि साक्षीदारांपेक्षा त्याला जास्त भरवसा होता एका दंतकथेवर. माझं सगळं काम तिथेच आहे, म्हणून नीट वाच.

कथा अशी. फार पूर्वी शत्रूने शहराला वेढा घातला. देववाणी झाली की या शहराचा राजा मारला गेला तर शहर वाचेल. शत्रूलाही ते कळलं, म्हणून त्याने आपल्या सैनिकांना ताकीद दिली की राजाला हात लावायचा नाही. मग राजाने काय केलं, राजवस्त्रं उतरवली, भिकाऱ्याच्या चिंध्या पांघरल्या, वेशीबाहेर गेला, लाकडं गोळा करायला लागला. दोन सैनिक आले, त्यांच्याशी मुद्दाम भांडण काढलं आणि मारला गेला. शहर वाचलं. फिर्यादी म्हणतो, "एक तो, आणि एक हा."

पुस्तकात ही कथा अर्ध्या पानाची आहे. सगळे म्हणतात, सजावट आहे. मी म्हणते, ती करून दाखवायची गोष्ट होती. "राजाने वस्त्र उतरवलं" म्हणताना बोलणाऱ्याने अंगावरचा शेला खांद्यावरून खाली घेतला असणार आणि पाचशे माणसं गप्प झाली असणार. शेल्याची घडी होईपर्यंत पाणी वाया जात असणार, तरी त्याने घाई केली नसणार. हे मी दोन पुस्तकांत लिहिलं. तळटीप म्हणतो, पुरावा नाही. खरंच नाही. म्हणून तर उभं राहून दाखवायचं आहे.

तयारी जोरात आहे. कुंभाराकडून दोन सारखी मडकी करून घेतली, पितळेच्या बारीक तोट्या बसवल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर मडकं, खाली बादली, आणि मी गॅसला उद्देशून भाषण करते. मतदानासाठी लेथवाल्याकडून पितळी चकत्या आणल्या. मधला दांडा पोकळ असेल तर दोषी, भरीव असेल तर निर्दोष. मुठीत धरून टाकायची, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. लेथवाल्याने विचारलं, "कुठल्या पंपाला लागतात हो?" मी म्हटलं, लोकशाहीला. त्याने बिलावर "लोकशाही पंप" असं लिहिलं.

आणि एक, फक्त तुला. भाषणाच्या शेवटी एक परिच्छेद लिहिला आहे. आरोपी म्हणतो: "माझ्या वडिलांना विचारा. त्यांनी मला जाताना पाहिलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की मी कुठे चाललो आहे, कारण कुठून चाललो आहे एवढंच त्यांना दिसत होतं." लिहिलं आणि उठून तोंड धुवून आले. कसं वाटतं सांग.

पळपुटी


९ फेब्रुवारी

वन्संबाई,

तो परिच्छेद काढ.

वाईट आहे म्हणून सांगत नाही. वाचताना माझा आवाज बसला. म्हणजे मनातला. पण मी हे रोज बघते. माणूस कायद्याचं बोलता बोलता घरचं बोलायला लागला की समोरच्याला कळतं, याच्याकडचा कायदा संपला. समितीला कोण तुझे अप्पा आणि कुठलं टेबल? त्यांना वाटेल बाईंना रडू आलं. तुला खुर्ची हवी आहे ना? मग अश्रू घरी ठेव.

आता माझी उत्सुकता. बचावाचा मुख्य मुद्दा काय आहे? तू फिर्यादीची सगळी शस्त्रं मांडलीस, स्वतःचं एकही दाखवलं नाहीस. मला सांगायला काय हरकत आहे? मी काय तळटीपला जाऊन सांगणार आहे? अगदी थोडक्यात लिहिलंस तरी चालेल. आणि शेल्याबद्दल: घडी घालायची की नुसता टाकायचा? उजव्या खांद्यावरून की डाव्या? पाणी संपल्यावर एखादं वाक्य अर्धवट राहिलं तर पुरं करू देत का?

घरी सगळं ठीक. अप्पा सकाळी गच्चीत फिरतात आणि स्वतःशी बोलतात. शेजारच्या बाई विचारत होत्या, तब्येत बरी आहे ना म्हणून. मी म्हटलं, जुन्या वकिलांना असं होतं. त्यांनी परवा कपाटातून काळा कोट काढून उन्हात टाकायला लावला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, कसर लागते.

वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

परिच्छेद काढला. तुझं खरं होतं. दोन दिवस तुझ्यावर रुसून बसले होते, त्याची नोंद घे. आता भाषण आणि पाणी एकाच श्वासात संपतात, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत मापून बसवलं आहे.

मुख्य मुद्दा सांगणार नाही. तुलासुद्धा नाही. तू न्यायाधीश आहेस, निकाल आधी ठरवून बसशील. तो मी तिथेच काढणार, आणि तो निघाला की फिर्यादीच्या हातातलं हत्यार माझ्या हातात येणार, एवढं समजून चाल.

शेला डाव्या खांद्यावरून. घडी घालायची, आणि सावकाश. पाणी संपलं की वाक्य अर्धवटच राहतं, तिथे दयामाया नाही. पण एक गंमत सांगते. ज्याचं बोलणं पाणी संपण्याआधी झालं आणि ज्याला स्वतःच्या बाजूची पक्की खात्री आहे, तो कधीकधी मडक्याशेजारच्या माणसाला म्हणे, "उरलेलं पाणी ओतून टाक." म्हणजे मला आणखी काही सांगायची गरज नाही. केवढी ऐट! मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. मला स्वतःला कधी जमेल असं वाटत नाही. आपल्या घरात वेळ उरला असताना गप्प बसलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आता वाईट बातमी. तळटीपने माघार घेतली. म्हणाला, विचार केला, नाटकात काम करणं आपल्या अभ्यासाला शोभत नाही. तो सकाळच्या सत्रात रीतसर निबंध वाचणार. गुंता असा की फिर्यादीशिवाय खटला कसला? विद्यार्थ्यांपैकी कोणाला उभं केलं तर तो मला भिऊन मऊ बोलेल, आणि मऊ फिर्यादीसमोर जिंकून काय उपयोग. तेव्हा दोन्ही भाषणं मीच करेन. आधी इकडे उभी राहून स्वतःला चाबकाने मारेन, मग तिकडे जाऊन मलम लावेन. जमेल. मी डगमगलेली नाही, हे अक्षरावरून दिसतच असेल.

पळपुटी


२५ फेब्रुवारी

वन्संबाई,

अक्षरावरून दिसलं. शेवटच्या चार ओळी तिरक्या गेल्या आहेत.

दोन्ही भाषणं तू करायची नाहीस. स्वतःविरुद्ध बोलताना माणूस नेहमी हात आखडता घेतो. मी फिर्यादी पाठवते. निवृत्त वकील आहेत. फौजदारीत आयुष्य गेलं. प्रकरणाचा अभ्यास झालेला आहे, तो मीच करून घेतला. कागद लागत नाही, सगळं तोंडपाठ. मऊ बोलण्याची सवय नाही. स्वभाव तिरसट आहे आणि फी म्हणून फक्त पाठीला टेकू असलेली खुर्ची मागतात. समितीला "बाहेरचे ज्येष्ठ वकील" एवढंच कळव.

मला येता येणार नाही, त्या दिवशी माझ्याकडे तारखा लागल्या आहेत. दादा त्यांना घेऊन येईल. आणखी काही विचारू नकोस. तू मला तुझा मुद्दा सांगितला नाहीस, मी तुला वकिलाचं नाव सांगत नाही. फिट्टंफाट.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

तुला काय म्हणू ते अजून ठरलेलं नाही. कोर्टाचा अवमान होईल असं एकही वाक्य मला सुचायचं बाकी राहिलेलं नाही.

सांगते, सगळं ओळीने सांगते, कारण दादाने घरी काय सांगितलं असेल ते मी ओळखून आहे.

सकाळी तळटीपचा निबंध झाला. चांगला होता. समितीतले मधले गृहस्थ दोनदा जागे झाले. दुपारी आमचं. सभागृह भरलेलं होतं, मागे पोरं पायऱ्यांवर बसलेली. मंचावर दोन टेबलं, दोन मडकी. मी पाठमोरी उभी राहून तोटी तपासत होते आणि मागून काठीचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. वळून बघते तर दादाच्या हाताला धरून अप्पा. अंगात काळा कोट. मला म्हणाले, "फिर्यादीचं टेबल कुठलं?"

मी दादाकडे पाहिलं. दादा छताकडे बघत होता.

मग सगळं डोक्यात लखलखलं. ते प्रश्न, ती उत्सुकता, ती गच्ची, तो उन्हातला कोट. तू माझी पत्रं त्यांना वाचून दाखवत होतीस. ज्या माणसाला मी कचेरीत परत यायला हवी आहे, तोच माणूस माझ्याविरुद्ध बोलणार, समितीसमोर, माझ्या खुर्चीच्या दिवशी. आणि त्यांना हात आखडता घेता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पत्त्यात सुद्धा त्यांनी मला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही.

त्यांनी सुरुवात केली. वहिनी, तू त्यांना कोर्टात उतारवयात ऐकलंस. मी त्यांना कचेरीत चालताना, दाढी करताना ऐकलं आहे, पण असं कधी ऐकलं नव्हतं. माइक बाजूला सारला. डोळ्यांना कागद दिसत नाही म्हणून ते थेट माणसांकडे बघत होते. आरोपीच्या बोटीत कोणतं सामान होतं ते त्यांनी एकेक करून सांगितलं, जणू स्वतः धक्क्यावर उभे होते. मग म्हणाले, "शहर नेहमी हेच विचारतं. गरज होती तेव्हा तू कुठे होतास? घराला आधार लागला तेव्हा तू कुठे होतीस?" होतीस म्हणाले. सभागृहात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

आणि मग कथा. "राजाने वस्त्रं उतरवली," म्हणाले आणि थांबले. डाव्या खांद्यावरून काळा कोट उतरवायला लागले. ऐंशी उलटलेला माणूस, बाही लवकर निघेना. कोणी मदतीला उठलं नाही. मडक्यातलं पाणी पडत होतं, तेवढाच आवाज. कोट निघाला. आत उसवलेला जुना स्वेटर. त्यांनी कोटाची घडी घातली, चाचपत चाचपत दोन पावलं पुढे आले आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. आरोपीच्या टेबलावर. मी ते कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं होतं.

पुढचं भाषण त्यांनी त्या स्वेटरवर केलं. पाण्याचा शेवटचा थेंब पडेपर्यंत बोलले, आणि थेंब पडल्यावरही अर्धं वाक्य बोलले. मडक्याशेजारच्या पोराने घंटा वाजवली तर त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा घंटा पाठीमागे लपवायला लागला.

मी उठले. पाय स्थिर होते, का कोण जाणे. कदाचित तो कोट समोर होता म्हणून. माझा मुद्दा आता तुला सांगायला हरकत नाही. मी म्हटलं: "फिर्यादींनी तुम्हाला राजाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी तटावर पहारेकरी उभा होता. त्याने काय पाहिलं? चिंध्या पांघरलेला एक माणूस, शत्रू समोर असताना, वेशीचं दार उघडून बाहेर निघून जातो आहे. तो पहारेकरी खाली येऊन काय म्हणाला असेल? म्हणाला असेल, एक पळाला. राजाचा निकाल संध्याकाळी लागला. माझा इतक्या वर्षांनी तुम्ही लावताय. पण वेशीबाहेर गेला एवढं बघून जर माणसाला पळपुटा ठरवायचं, तर तुमचा पहिला पळपुटा तोच."

सभागृहात कुजबूज उठली. पहिल्या रांगेत तळटीपने वही मिटली. मी पुढे गेले, आरोपी व्यापारासाठी गेला होता ते सांगितलं, परत येण्याचं सांगितलं: "मला इथे कोणी ओढून आणलं नाही. पळणारा परत येऊन तुमच्यासमोर उभा राहत नाही." भाषण संपलं.

आणि पाणी शिल्लक. चांगलं तीन बोटं. मला काही कळेना. मी इतकं मापून बसवलेलं. नंतर उलगडा झाला. सभागृहाच्या शिपाईमामांना वाटलं की मडकी पिण्याच्या पाण्याची आहेत, म्हणून त्यांनी आपुलकीने कूलरचं गार पाणी भरलं होतं. गार पाणी बारीक तोटीतून हळू उतरतं. मी घरी सरावाला नळाचं कोमट घेत होते. वीस वर्षं या मडक्यांवर लिहिते आहे, पण पाणी थंड असेल तर काय, हा विचार मला शिवला नव्हता. अप्पांनाही तेवढंच जास्त मिळालं होतं आणि त्यांनी ते थेंबाथेंबाने वसूल केलं होतं.

मी उभी. पाणी पडतंय. आणि काढून टाकलेला तो परिच्छेद माझ्या जिभेवर आला. "माझ्या वडिलांना विचारा." अप्पा समोर बसले होते, हात काठीवर, मान थोडी वर केलेली. त्यांना मी धड दिसत नव्हते, पण ते ऐकत होते. वेळ होता, वाक्य पाठ होतं, माणूस समोर होता. इतक्या वर्षांत असा योग आला नव्हता.

मी मडक्याशेजारच्या पोराला म्हटलं, "उरलेलं पाणी ओतून टाक."

त्याने बादलीत ओतलं. मी कोट उचलला, अप्पांच्या टेबलापाशी गेले, त्यांच्या खांद्यावर घातला आणि जागेवर येऊन बसले.

सगळ्या सभागृहाने चकत्या टाकल्या. निकाल निर्दोष, पण काठावर. तुझ्या नवऱ्याने दोषीची चकती टाकली. मी जाब विचारला तर म्हणाला, "मला अप्पांबरोबर एकाच घरात राहायचंय."

अप्पांनी दादाचा हात धरला. गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. जाताना कोट खुर्चीवर राहिला. विसरले की ठेवला, मला सांगता येत नाही. सध्या माझ्याकडे आहे, धुवायला टाकलेला नाही.

पळपुटी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत समितीचा निरोप आला. खुर्ची माझी. मधले गृहस्थ म्हणाले, "बाई, कथा करून दाखवायची असते हे तुमचं म्हणणं आम्ही दोन पुस्तकं वाचून मानलं नव्हतं. त्या वकिलांनी कोट काढला आणि मानलं." तळटीप स्वतः येऊन अभिनंदन करून गेला. म्हणाला, तो पहारेकऱ्याचा मुद्दा कुठे छापलेला आहे का, संदर्भ हवा होता. अप्पांना तू सांग. माझ्या तोंडून ते टेबल नको म्हणणं मला जमणार नाही.


२२ मार्च

वन्संबाई, आता प्राध्यापकबाई,

अभिनंदन. घरात मोठ्याने वाचलं. दोनदा वाचायला लावलं. ता. क. तिसऱ्यांदा.

माझ्यावरचा आरोप मला मान्य आहे. तू म्हणालीस, सांगू नकोस. मी सांगितलं नाही, वाचून दाखवलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते शेजारीच बसले होते आणि मी वाचता वाचता हसले. "मोठ्याने वाच" म्हणाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी कशासाठी तरी हट्ट धरला होता, मला नाही म्हणवलं नाही. तळटीपने माघार घेतल्याचं वाचलं आणि ते म्हणाले, "मी जातो." मी खूप सांगितलं की पोरीची खुर्ची जाईल. म्हणाले, "जाण्यासारखी असेल तर जाईल." तेव्हा मला तुझी काळजी वाटली. पण मऊ फिर्यादी नको, असं तूच लिहिलं होतंस.

पुढचं ते सांगतात तसं लिहिते. मध्ये माझं काही नाही.

"त्या सभागृहात मागच्या रांगांना ऐकू येत नाही, पुढच्या वेळी कार्यक्रम ठेवण्याआधी बघ. पोराला घंटा धरायला शिकव. स्वेटर उसवला आहे हे मला घरातून कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा काही उपयोग झाला असेल तर तो योगायोग.

तुझा तो वडिलांचा परिच्छेद मला पाठ होता. तुझ्या वहिनीने एकदा वाचला तेवढा पुरला. तू तो म्हणणार याची मला खात्री होती. त्याला उत्तर म्हणून मी काही जुळवलं होतं. तू म्हटलं असतंस तर मी नियम मोडून उठलो असतो. मी वाट बघत होतो. पाणी पडताना ऐकू येत होतं, भरपूर होतं. तू ओतायला लावलंस.

पन्नास वर्षं वकिली केली. वेळ हातात असताना मी एकदाही खाली बसलो नाही. प्रत्येक वेळी वाटलं, अजून एक वाक्य बोललो तर जिंकू. काही खटले त्याच वाक्याने घालवले. तुला ते कुणी शिकवलं मला माहीत नाही. मी नाही.

कोट मी विसरलो नव्हतो. तो तिथेच असू दे. दर वर्षी तुझी पोरं राजा करतील, तेव्हा लागेल. बाही घट्ट आहे, त्यांना सांग जोर लावू नका.

टेबल काल कचेरीतून हलवायला सांगितलं. तुझ्या वहिनीला निवृत्तीनंतर कुठेतरी बसावं लागेलच, तिला उपयोगी पडेल.

राजाबद्दल तू म्हणालीस ते बरोबर होतं, पण अर्धं. तटावरचा पहारेकरी संध्याकाळी काय म्हणाला ते तू सांगितलं नाहीस. मी सांगतो. तो म्हणाला, मी नीट बघितलं नव्हतं. फिर्याद मागे घेत आहे."

सही त्यांनी स्वतः केली आहे. ओळीवर आलेली नाही, पण हात धरू दिला नाही.

वहिनी